बंद घराचा दर

करुणाने फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि मोकळ्या हाताने टेबलावरचा पंखा स्वतःकडे वळवला. तरीही उमेरचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. कुवेतहून येणारा आवाज इतका खणखणीत यावा, ही खरं तर तिच्याच लाइनची करामत होती. पण कौतुक करायला उमेरने फोन केलेला नव्हता.

"ताई, मला एकच सांगा. घर बंद आहे. बरोबर?"

"बरोबर."

"घरात माणूस नाही, टीव्ही नाही. फ्रिजचा प्लगसुद्धा काढून ठेवलाय. मग नेट वापरतं कोण? पाली?"

"कॅमेरा वापरतो, उमेरभाई."

"कॅमेऱ्याला लागतं कितीसं? इतकी वर्षं अर्ध्या दरात चालत होता ना? आता काय त्याची भूक वाढली?"

करुणाने डोळे मिटले. हेच बोलणं परवा झालं होतं, त्याच्या आदल्या आठवड्यात झालं होतं, आणि उमेरला दर वेळी ते नव्याने सुचल्यासारखं सुचत होतं.

"कंपनीने बंद घराचा प्लॅन काढून टाकलाय. एक तारखेपासून सगळ्यांना मधला प्लॅन. मी एकटीने ठरवलेलं नाही हे."

"मग मी ग्रुपवर सांगतो, कनेक्शनं काढून टाका सगळ्यांनी. घरं काय पळून जात नाहीत."

"सांगा. पण आधी विचार करा."

"विचार करूनच बोलतोय," उमेर म्हणाला. मग एकदम आवाज खाली आणून, भांडण झाल्यावर तो नेहमी विचारायचा तसं त्याने विचारलं, "तिकडचा पाऊस गेला का हो? ऊन पडलंय?"

"पडलंय. भाजून निघतोय आम्ही," असं म्हणून करुणाने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

दाभोळच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर तिचं ऑफिस होतं. चिपळूणच्या एका लहानशा इंटरनेट कंपनीची ही गावापुरती एजन्सी. नवीन लाइन द्यायची, बिघडली की अनिल वायरमनला पाठवायचं, आणि दर वाढला की लोकांची बोलणी खायची. तिचा नवरा राजेंद्र याची मुंबईतली नोकरी गेल्यापासून गमरे कुटुंबाचं घर या एजन्सीवरच चालत होतं, त्यामुळे बोलणी खाणं हा कामाचाच भाग आहे असं तिने मनाला समजावलं होतं. मन दर वेळी ऐकायचंच असं नाही.

बंद घराचा प्लॅन ही तिचीच अक्कल. गावात निम्म्या घरांना कुलूप. कोणी कुवेतला, कोणी मस्कतला, कोणी मुंबईला. माणसं कमावून यायची, चिऱ्याचं दुमजली घर बांधायची, त्याला पिस्ता नाहीतर गुलाबी रंग द्यायची आणि दाराला कुलूप घालून परत जायची. मग तिकडे बसून घराची काळजी करायची. काळजीवर उपाय म्हणून प्रत्येक दारावर कॅमेरा आला, आणि कॅमेऱ्याला इंटरनेट हवं. रिकाम्या घराला पूर्ण दर कोण देणार? म्हणून करुणाने चिपळूणला भांडून वेग कमी आणि दर निम्मा असा प्लॅन मंजूर करून घेतला होता. अट एवढीच की घर उघडलं की कळवायचं. ईदला आणि मे महिन्यात घरं उघडायची, दहा-दहा पोरं दहा-दहा फोन घेऊन झोपाळ्यावर बसायची, सगळ्या गावाची लाइन गोगलगायीसारखी चालायची, आणि कळवायचं मात्र कोणालाच आठवायचं नाही.

आता चिपळूणला आरोही मॅडम आल्या होत्या. दर कसे ठरवायचे याचं शिक्षण घेऊन आलेल्या. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवून समजावलं होतं, की प्लॅन नेहमी तीन ठेवायचे. पहिला इतका हळू की माणसाने वैतागावं, तिसरा इतका महाग की माणसाने दचकावं. मग माणूस आपण शहाणे आहोत असं समजून मुकाट मधला घेतो. करुणाने हे दाभोळात करून पाहिलं. लोकांनी सगळ्यात महाग तिसरा प्लॅन घेतला, तीन घरांत मिळून एक, आणि कुंपणाच्या गडग्यांवरून वायरी टाकल्या. हे तिने मॅडमना सांगितलं तेव्हा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बंद घराचा प्लॅन काढून टाकला, आणि जाता जाता म्हणाल्या की दाभोळची बंद घरं मधल्या प्लॅनवर आली नाहीत, तर ही एजन्सी दापोलीच्या एजन्सीला जोडून टाकू.

म्हणजे करुणाची खुर्ची गेली. आणि ती वाचवायची किल्ली नेमकी उमेरच्या हातात. आखातातल्या दाभोळकरांच्या ग्रुपवर तो पुढारी. तो हो म्हणाला की सगळे हो म्हणतात, तो नाही म्हणाला की सगळ्यांना एकदम आपलं घर फार सुरक्षित वाटायला लागतं. चांगल्या कंपनीत सुपरवायझर असलेला माणूस, पण दोन वेळच्या चहाइतक्या फरकासाठी तोंडाला फेस येईपर्यंत भांडत होता. करुणाला त्याचा मनापासून राग येत होता.

त्या रागातच तिने कॉम्प्युटरवर उमेरच्या घराची लाइन उघडली. दिवसभर आलेख जमिनीला टेकलेला, कोणी हललं की कॅमेरा पाठवतो तेवढाच मधूनच एखादा टिपका. आणि दुपारी तीन वाजले की आलेख सरळ छपराला. पाचच्या सुमाराला पुन्हा जमिनीवर. काल तसंच, परवा तसंच. शुक्रवारी तर दोनच्या आधीपासूनच वर.

करुणा खुर्चीत ताठ बसली. बंद घर म्हणे. याने आत भाडेकरू ठेवलाय, नाहीतर गावातल्या पोरांनी पासवर्ड मिळवून पडवीत अड्डा केलाय. काहीही असो, आता उमेरला तोंड उघडायला जागा नव्हती. तिला इतका आनंद झाला की तिने खालून स्वतःसाठी सोडा मागवला.

जेवण उरकून ती स्कूटर घेऊन निघाली. उमेरचं घर वर कातळावर, नव्या वस्तीत. फाटक नुसतं लोटलेलं होतं. दाराला कुलूप, कुलुपाला गंज, खिडक्यांवर धूळ. भाडेकरू नव्हता. पोरंही नव्हती. दारापुढच्या पायरीवर फारुकचाचा बसले होते.

फारुकचाचा म्हणजे उमेरचे वडील. सगळं आयुष्य मच्छीमार होडीचे तांडेल म्हणून समुद्रावर गेलेलं, वय झालं तरी खांदे अजून रुंद. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, दाढीला ताजी मेंदी. मांडीवर हिरवं जाळं पसरून ते लाकडी सुईने त्याची भोकं सांधत होते.

"चाचा, तुम्ही इथे?"

"माकडं येतात गो. लक्ष ठेवायला लागतं."

करुणाने आवारावर नजर फिरवली. माडाची रोपं गुडघ्याएवढी होती, आणि कडेच्या एकुलत्या फणसाला या दिवसांत फळ नव्हतं. माकडाने वाट वाकडी करून यावं असं तिथे काहीच नव्हतं.

"आणि जाळं कोणाचं?"

"फाटलंय, म्हणून सांधतंय. कोणाचं कशाला बघायला हवं?"

सगळ्या गावाला माहीत होतं तसं तिलाही माहीत होतं. चाचांची स्वतःची होडी होती. दोन पावसाळ्यांमागे उमेरने कुवेतहून फोनवर फोन करून ती परस्पर विकून टाकली. आता या वयात बापाने समुद्रावर जायला नको, वरच्या घरात आरामात राहावं, असं त्याचं म्हणणं. काळजीपोटीच केलं असेल. पण होडीला गिऱ्हाईक आलेलं चाचांना कळलं ते जेटीवर, चारचौघांत. त्या दिवसापासून त्यांनी मुलाचा फोन उचललेला नव्हता. खाली खाडीकाठी मुलीकडे, झोयाकडे, ते राहायचे. उमेरच्या घरात पाय ठेवणार नाही असं त्यांनी मशिदीबाहेर उभं राहून सांगितलं होतं, म्हणजे ते कायमचंच.

"चाचा, घरात कोणी येतं-जातं का हो दुपारचं?"

"त्या घराचं मला काय विचारतेस? मी पाय नाय ठेवलेला त्यात."

"पायरीवर बसलायत की."

"पायरी भायेर हाय," चाचा म्हणाले आणि त्यांनी दोरा दातांनी तोडला.

दारावरचा कॅमेरा फाटकाकडे तोंड करून होता. करुणाने त्याच्याकडे पाहिलं. चाचांनी एकदाही पाहिलं नाही. लांबलचक पायरीचं फणसाकडचं टोक गार सावलीत होतं, फाटकाकडचं टोक उन्हात. चाचा उन्हात बसले होते. त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ शर्टाच्या कॉलरमध्ये उतरत होता.

"सावलीत तरी बसा, चाचा."

"हितं बरं हाय."

ती परत फिरली. ऑफिसात येऊन तिने उमेरची लाइन पुन्हा उघडली आणि मघाशी आनंदाच्या भरात न बघितलेला खालचा रकाना बघितला. घरात येणारं जवळजवळ काहीच नव्हतं. सगळं घरातून बाहेर जात होतं. कॅमेऱ्याचं चित्र एवढं सलग जातं ते पलीकडे कोणी फोन उघडून बघत बसलं तरच. भिंतीवर साडेतीन वाजले होते. कुवेतला एक. तिथली जेवणाची सुट्टी कधी असते हे दाभोळात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, आणि शुक्रवारी तिथे सुट्टी असते हेही.

हातात आलेलं हत्यार आता वापरता येण्यासारखं राहिलं नाही, म्हणून करुणाची आणखीच चिडचिड झाली. बापलेक दोघेही एकापेक्षा एक. एक बोलत नाही, एक बोलायचं ते सोडून दरावर बोलतो, आणि दोघांच्या मध्ये तिची एजन्सी. तिने दुपारचा चहा अर्धा टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिस उघडत होती तोच उमेरचा फोन आला.

"ताई, ग्रुपचं ठरलं. कोणी वाढीव दर देणार नाही. मी पण नाही. रिकाम्या घराला मधला प्लॅन म्हणजे नुसती लूट आहे."

"ठीक आहे," करुणा म्हणाली. ती खरंच थकली होती. "काढून टाकू. अनिल आज तुमच्याच बाजूला आहे. तीन वाजता येऊन वायर गुंडाळून नेईल."

लाइन तुटली की काय म्हणून तिने फोनकडे बघितलं.

"तीनला नको," उमेर म्हणाला.

"मग?"

"पाचनंतर पाठवा."

"पाचनंतर तो फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला जातो. मग उद्या तीनला पाठवते."

"उद्या पण नको."

"उद्या शुक्रवार. सकाळी चालेल?"

"शुक्रवारी तर नकोच, ताई." उमेरचा आवाज चिडका होता, पण दराबद्दल चिडायचा तेव्हाचा नव्हता. "एवढी काय घाई आहे तुम्हाला? माणसाला विचार तरी करू द्या."

करुणाने टेबलावरचा पेन सरळ करून ठेवला. मागे कुठेतरी कसल्याशा यंत्राचा घरघराट चालू होता, कोणीतरी हिंदीत हाका मारत होतं.

"त्या मधल्या प्लॅनमध्ये चित्र अडकत नाही ना?" शेवटी त्याने विचारलं. "आत्ता फार अडकतं. मध्येच माणूस... मध्येच थांबून राहतं. हात वर असला की वरच."

"नाही अडकणार. वेग चौपट आहे."

"मग हे आधी सांगायचं ना. नुसता दर दर करत बसता."

करुणाच्या जिभेवर बरंच काही आलं. तिने ते गिळलं.

"लावा मग मधला," उमेर म्हणाला. "ग्रुपवर मी सांगतो. पण एक काम फुकट करून द्यायचं. तो कॅमेरा फाटकाकडे आहे ना, तो जरा फणसाच्या बाजूला वळवून द्या. पायरी अर्धीच दिसते."

"पायरी कशाला बघायची?"

"माकडं येतात."

"असं."

"आणि त्या बाजूला सावली असते," तो म्हणाला. "दुपारी."

माकडांना सावली लागते का, असं विचारायचं करुणाच्या मनात आलं होतं. पण तिने पेन उचलून समोरच्या कागदावर 'फणसाकडे' असं लिहिलं. आज करून देते, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. उमेर पावसाचं विचारायला विसरला हे तिच्या नंतर लक्षात आलं.

अनिल एकटा जाऊन वळवून आला असता, पण ती बरोबर गेली. चाचांसमोर उगाच कोणी काही बोलायला नको. अनिल वयाने करुणापेक्षा मोठा, गुडघे कुरकुरणारा, शिडी चढताना कंपनीच्या नावाने बडबडणारा. तीन वाजायला थोडा अवकाश होता. फारुकचाचा येऊन बसलेले होते, उन्हात, जाळं मांडीवर घेऊन.

"काय चाललंय?" त्यांनी शिडीकडे बघून विचारलं.

"कॅमेरा वळवतोय. मालकाने सांगितलंय," करुणा म्हणाली.

"कुठे?"

"फणसाकडे."

चाचांची सुई थांबली. अनिलने स्क्रू सैल केले, कॅमेऱ्याचं तोंड हळूहळू फाटकावरून फिरून सावलीतल्या टोकावर आलं. चाचा त्याच्याकडे बघत नव्हते. ते फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होते. अनिलने स्क्रू आवळले तसं ते उठले, जाळं गोळा केलं आणि सावलीत जाऊन बसले.

"ऊन फार हाय आज," ते म्हणाले.

"हो ना," करुणा म्हणाली.

"याचं काय देतो तो तुम्हाला? महिन्याचं?"

तिने नवा दर सांगितला. चाचांनी मान वर केली. जेटीवर पापलेटला कोणी भलताच भाव सांगितल्यावर बघतात तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"एवढे? दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"आणि तो फोन करतात व्हॉट्सॲपवरून, चित्र दिसतं तो, त्याला काय पडतं?"

"त्याला वेगळं काही नाही. फुकटच म्हणा."

"मग फोन करायला काय झालं गाढवाला?"

करुणाचा संयम संपला. आठवडाभराचा वैताग तिच्या आवाजात आला.

"केला तर उचलाल तुम्ही?"

चाचांनी जाळ्यातलं एक भोक बोटांनी फाकवून बघितलं. सुई आत घातली, गाठ मारली, ओढून पाहिली. अनिल शिडी उतरून घाम पुसत उभा राहिला.

"नाय," चाचा म्हणाले.

करुणाने स्कूटरची किल्ली काढली. दारावरच्या कॅमेऱ्यात बारीक निळा दिवा लागला. कुवेतला जेवणाची सुट्टी सुरू झाली होती. चाचांनी दिवा बघितला की नाही कोण जाणे, पण त्यांनी टोपी सरळ केली आणि शर्टाच्या बाहीने मानेवरचा घाम टिपला.

ती फाटकापाशी पोचली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"बाय गो."

ती थांबली.

"मी जास्त वेळ बसलो, तर त्याला जास्त पडतं काय?"

तिने फाटकाची कडी दोनदा उघडली, दोनदा लावली.

"नाही, चाचा. कितीही वेळ बसा. दर तोच."

चाचांनी मान हलवली. हिशेब पटल्यासारखे ते पायरीवर जरा मागे सरकून आरामात बसले आणि त्यांनी जाळ्याचं दुसरं टोक पुढे ओढलं.

"तसं माकडं संध्याकाळची पण येतात," ते म्हणाले.